ताईचं चाकांवरचं खुराडं

मिस्त्रींनी जन्मभर दारं नि चौकटी बसवल्या. एकदा बसवलं की तसूभर हलता कामा नये, हा त्यांचा बाणा. त्यामुळे थोरली बहीण जेव्हा म्हणाली, "धाकट्या, मला हलणारं खुराडं करून दे," तेव्हा त्यांना हसूच आलं. ताई मात्र हसत नव्हती.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ताईच्या डाव्या हातात जीव उरला नव्हता. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ देवाने दिलं नाही. सकाळी उठायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि मागच्या अंगणात जाऊन कोंबड्यांशी भांडायचं, एवढ्यावर तिचा दिवस उभा राहायचा. त्या नसत्या तर तिने अंथरूणच सोडलं नसतं.

पण अंगण पडलं घरमालकिणीचं. खुराडं एकाच जागी राहून तिथल्या गवताचा चिखल झाला, घाण वास सुटला. मालकीणबाईंनी खिडकीतूनच सुनावलं, "रोज जागा बदलत असाल तर ठेवा. नाहीतर रविवारी कोंबड्या देऊन टाका कुणाला तरी. माझ्याच्याने हा वास सोसवत नाही."

"मी येऊन सरकवीन की रोज," मिस्त्री ताईला म्हणाले.

"आणि ज्या दिवशी नाही आलास?"

"येणार म्हटलं ना!"

"दवाखान्यात न्यायलाही येणार होतास. शेवटी शेजारणीचा हात धरून गेले."

मिस्त्री कामाला लागले. एका टोकाला झोपायची पेटी, आत बसायला आडवी दांडी, कोपऱ्यात अंड्यांसाठी पेंढ्याचा कप्पा. पेटीला जोडून लांब जाळीचा पिंजरा, त्याला तळ नाही, म्हणजे कोंबड्यांना खालचं गवत टोचता येईल. पेटीशेजारी धरायला दोन दांडे, दुसऱ्या टोकाला चाकं. मांजर शिरू नये म्हणून दाराला लागतं तसलं जाड लाकूड. सांधा असा जुळवला की नखही जाऊ नये.

"अहो, कोंबड्यांसाठीच आहे ना?" बायको म्हणाली. "की आपणच राहायला जायचंय?"

ताईच्या अंगणात टेम्पोतून उतरवताना टेम्पोवाल्याचा घाम निघाला. "काय भरलंय यात, मिस्त्री?"

"अजून काहीच नाही."

तेव्हा सगळे हसले. मग ताईने पदर खोचला आणि उजव्या हाताने एक दांडा धरला. खुराडं जरासं तिरकं झालं आणि खाली बसलं. तिने पुन्हा धरलं.

"थोडा जोर लाव, ताई."

तिने लावला, आणि पाय घसरून चिखलातच बसली. मिस्त्री धावले. तिने त्यांचा हात झिडकारला.

"हे तू माझ्यासाठी केलंस, का लोकांनी वाहवा करावी म्हणून?"

आत जाऊन तिने दार लावून घेतलं. मिस्त्री घरी परतले. वर बसलेल्याने आपल्या दोन्ही हातांना यश दिलं, आणि आपण बहिणीला चिखलात बसवलं, हेच डोक्यात घोळत राहिलं.

शनिवारी सकाळी ते करवत घेऊन ताईच्या अंगणात आले. दार बंदच होतं. त्यांनी डावा हात पंच्याने कमरेशी बांधून घेतला आणि एका हाताने दांडा उचलायला गेले. खांद्यातून कळ निघाली, खुराडं एका बाजूला कललं, आणि पलीकडच्या टोकाची चाकं रिकाम्या जाळीखाली आरामात होती. अंडी काढायला ताईला वळसा नको म्हणून पेटी दांड्यांशी ठेवली, तर सगळं ओझं नेमकं तिच्याच हातावर आलं होतं. आणि एकच हात चालणाऱ्या बाईला आपण दोन दांडे दिले! मिस्त्री तिथेच पायरीवर बसले.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवलेले सांधे कापले. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. जाड फळ्या काढून पातळ प्लायवूड ठोकलं. चाकं पेटीखाली घेतली. जाळीच्या टोकाला मधोमध एकच दांडा बसवला, ताईच्या कमरेच्या उंचीला. जुन्या खुराड्यातल्या कोंबड्या आत सोडल्या. ताई खिडकीतून बघत होती, पण बाहेर आली नाही.

रविवारी आली. मालकीणबाई खिडकीत उभ्याच होत्या. ताईने डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि दांडा धरला. टोक उचललं गेलं. खुराडं वीतभर सरकलं, मग एक चाक मऊ मातीत रुतलं. मिस्त्री पुढे झाले.

"थांब तिथंच!"

ते थांबले. नुसतं उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. हात पाठीमागे धरले. ताईने दातओठ खात उजव्या हाताने डावा हात उचलून दांड्यावर ठेवला, त्याची बोटं नुसती दांड्याला अडकली. पण अंगाचा भार मागे टाकून तिने ओढलं. चाक मातीतून वर आलं. आतल्या कोंबड्या आरडाओरडा करत जाळीबरोबर चालू लागल्या. हिरव्या गवतावर येऊन तिने टोक खाली टेकवलं.

तिचा डावा हात दांड्यावर आखडून बसला होता, सुटेना. मिस्त्रींनी हात पुढे केला. तिने मान हलवली आणि उजव्या हाताने स्वतःचं एकेक बोट सोडवलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"रोज जमेल का हो हे?" खिडकीतून आवाज आला.

मिस्त्रींनी ताईकडे पाहिलं.

"आजचं झालं," ताई म्हणाली, आणि धाप लागलेली असतानाच दाणे आणायला आत वळली.