सात किलोंची रायफल

जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबात रेंजवर देखरेख करणाऱ्या आजोबांना सगळे अरेतुरे करतात. मला ते अजून जमत नाही. दर शनिवारी ते मागे उभे राहतात आणि कुणाचा हात जरा थरथरला की शांतपणे म्हणतात, "आल्झो, आज पुरे. रायफल खाली." 'आल्झो' म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग'.

मार्चमध्ये ते मला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेले. त्यांची रायफल सात किलोंची. हात थकले होते, पण नळीखाली दोन पायांचा बायपॉड लावला तर अजून दोन-तीन वर्षं नेमबाजी करता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

"स्वस्त दे, पण लटपटणारा नको," ते विक्रेत्याला म्हणाले. प्रत्येक बायपॉडवर त्यांनी तळहाताने भार देऊन पाहिला. चाळीस युरोंचा वाकला, तीनशेंचा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून नव्वदचा पोलादी घेतला. मीही तोच घेतला असता.

शनिवारी तो लावून ते नेम धरायला पालथे झोपले. रायफल जराही हलत नव्हती. ट्रिगरजवळचं बोट मात्र थरथरत होतं. मी मागे उभा होतो.

"आल्झो, आज पुरे," ते स्वतःच म्हणाले. "रायफल खाली."

नियमाप्रमाणे त्यांनी बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याचं मला दाखवलं. मग बायपॉड काढून माझ्या हातात ठेवला.

"तुझीही जडच आहे. लाव."

पुढच्या शनिवारी मी त्यावर रायफल टेकवली. ते मागे, नेहमीच्या जागी उभे होते. मी आधी माझं बोट पाहिलं.