खवल्याच्या पाठीची चेन

कपडेपटातल्या मावशींना राग यायला फारसं काही लागत नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापा, माप अंदाजपंचे सांगा, झालं. पण हे चिल्लर राग. येतात आणि चहाबरोबर विरघळतात. खरा राग त्यांनी एकच बाळगला होता, तेहतीस वर्षं. आणि एका सकाळी एक दाढीवाला दिग्दर्शक नेमका तोच मोबाइलमध्ये घालून त्यांच्या मशीनपाशी घेऊन आला.

"मावशी, ओळखलंत का?"

मावशींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. एक बाई किंचाळत तळ्याकाठून पळत होती. मागे खवल्या. अंगभर खवले, बशीएवढे डोळे, लटपटणारी शेपटी. बाई ठेचकाळली, खवल्या तिच्यावर झेपावायला वळला, आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत पितळी चेन लख्ख चमकली.

दिग्दर्शकाने तिथेच चित्र थांबवलं. "'खवल्याचा सूड'. चाळीस वेळा पाहिलाय मी. ही जागा आली की आम्ही मित्र शिट्ट्या मारतो."

"कशाबद्दल?"

"चेन दिसते ना."

मावशींनी मशीन थांबवलं.

"आम्ही नवा काढतोय. 'खवल्या परत आला'. जुन्या सगळ्या राक्षसपटांना आमचा मानाचा मुजरा. खवल्या तुम्हीच शिवायचा. आणि पाठीवर अशीच चेन. दिसली पाहिजे."

"मुजरा करताय की टिंगल?"

"आम्ही प्रेमाने हसतो हो, मावशी."

"ते तुम्हाला वाटतं," मावशी म्हणाल्या. "ज्याला हसता, त्याला विचारलंत?"

ज्याला हसले तो घरी खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. काका, म्हणजे मावशींचे यजमान. तेहतीस वर्षांपूर्वी खवल्याच्या आत तेच होते.

"घे की काम," काका म्हणाले. "जुना दोस्त भेटेल मला."

"तुम्हाला सगळ्याची गंमतच."

"अगं, लोक हसले तर हसले. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, ते फक्त मावशींना ठाऊक होतं. पहिल्या खवल्याला चेन नव्हतीच. जुन्या गाद्यांचा फोम, सायकलच्या ट्यूबमधून कापलेले अकराशे खवले, आणि रोज सकाळी काकांना आत घालून मावशी दाभणाने पाठ शिवून टाकायच्या. शिवायला चाळीस मिनिटं. चौथ्या दिवशी दिव्यांच्या झोतात खवल्या गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. तेव्हाचा दिग्दर्शक खूश झाला. म्हणाला, काय पडला, वा. कॅमेरा चालूच. मावशींनी मात्र पाहिलं, की फोमच्या पोटाचं वरखाली होणं थांबलंय. त्या धावल्या. पण टाके त्यांचेच होते, एकेक पक्का. उसवायला अकरा मिनिटं लागली. काकांचे ओठ निळे पडले होते.

त्या संध्याकाळी मावशींनी स्वतःच्या प्रवासाच्या बॅगेची चेन काढली आणि खवल्याच्या पाठीला लावली. वरून खवल्यांची झडप बसवली. आठ दिवस ती चोख राहिली. तळ्याकाठच्या एका धावण्यात झडप उडाली आणि तोच तुकडा सिनेमात गेला. थिएटर हसून हसून लोळलं. निर्माता सगळीकडे सांगत सुटला, शिंपिणीने सिनेमा बुडवला. पुढची सहा वर्षं मावशींच्या वाट्याला बटणं लावणं आणि इस्त्री. काकांनी मात्र त्याचा किस्सा केला. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, कुठेही, "आणि मग आमच्या हिने माझी चेन लावली," असं म्हणून ते मंडळींना हसवायचे. निळे ओठ त्या किश्शात कधी आले नाहीत.

मावशींनी काम घेतलं, पण इरेला पेटून. असा खवल्या शिवायचा की कुणाच्या तोंडून हसू फुटता कामा नये. तीन आठवडे त्या खपल्या. खवला खवल्यावर चढवला, जसा माशाच्या अंगावर असतो तसा. पाठीला चेन लावली, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून ओढता येईल अशी. वर दुहेरी झडप. आत शिरणार होते एका व्यायामशाळेचे मास्तर, भला दणकट आणि अबोल माणूस. मावशींनी त्यांच्याकडून वीस वेळा चेन उघडून घेतली. डोळे मिटून, हातमोज्यांसकट.

चित्रीकरणाच्या दिवशी मावशी दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी गोदामात पोचल्या. तिथे खोटं तळं मांडलं होतं. दिवे पेटलेले. खवल्या काठावर पाठमोरा उभा होता आणि त्याच्या पाठीवर तीन बोटं रुंद, सोनेरी, प्लास्टिकची चेन झळकत होती. ही त्यांची नव्हती.

"ही काय भानगड?"

"तुमची दिसतच नव्हती, मावशी," दिग्दर्शक म्हणाला. "इतकं सफाईदार करून कसं चालेल? लोकांना कळायला नको? म्हणून वरून चिकटवली. नुसती शोभेची."

"आणि माझी?"

"ती खाली आहेच की."

मावशींनी हात लावून पाहिला. त्यांची चेन गोंदात बुडून दगड झाली होती. आतली नाही, बाहेरची नाही, कुठलीच हलेना.

"मास्तर कधीपासून आत आहेत?"

"सकाळपासून. जेवायला बाहेर काढत नाहीयोत, पुन्हा चिकटवायला दीड तास मोडतो. नळीने सरबत देतोय ना. ते काही तक्रार करत नाहीत."

मावशी पुढून गेल्या. बशीएवढ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "मास्तर, कसं वाटतंय?"

आतून आवाज आला. "ठीक. जरा गरम."

"जरा म्हणजे किती?"

उत्तर आलं नाही. मावशींनी पोटाकडे पाहिलं. फोम भराभर, उथळ हलत होता. दमलेल्या कुत्र्यासारखा.

त्यांनी पिशवीतून कापडाची मोठी कात्री काढली.

"मावशी, नका. अहो, तीन आठवड्यांचं काम आहे ते."

"माझंच आहे."

त्यांनी मानेखाली पातं घातलं आणि कमरेपर्यंत एका दमात कापत आणलं. खवले, फोम, गोंद, सोनेरी चेन, सगळं. फटीतून वाफ बाहेर आली. मास्तर मागच्या मागे बसले. तोंड पांढरंफटक. कुणीतरी पंखा आणला, कुणी पाणी.

मग दिग्दर्शक म्हणाला, "पण ते नको म्हणाले नव्हते, मावशी."

"आतला माणूस कधीच नको म्हणत नाही. त्याला काम हवं असतं." मावशींच्या तोंडचं 'अहो-जाहो' संपलं होतं. "माझा नवराही म्हणाला नव्हता. अकरा मिनिटं उसवत होते मी त्याला. ज्या चेनीवर तू शिट्ट्या मारतोस, ती मी दुसऱ्यांदा तसं होऊ नये म्हणून लावली होती."

"मला खरंच माहीत नव्हतं."

"चाळीस वेळा पाहिलास. एकदा तरी विचारायचंस, की कशाला लावली म्हणून."

दिग्दर्शकाचे डोळे भरले. त्याने हात जोडले. आणि मग, सवयीचा गुलाम, हळूच म्हणाला, "मावशी, हेच कॅमेऱ्यासमोर सांगाल का? सिनेमाच्या शेवटी लावू. लोकांना फार भिडेल."

मावशी खाली बसल्या, कापलेली पाठ मांडीवर घेतली, पिशवीतून जाडजूड पितळी चेन काढली आणि दाभणात दोरा ओवला. दोन तास शिवत राहिल्या. ना झडप लावली, ना चेन खवल्यांनी झाकली. टाके टाकून झाल्यावर उठल्या.

"झाली. दिसेल तुझी चेन. सगळ्या जगाला दिसेल."

"मास्तरांना बोलवतो."

"मास्तर घरी जातील. आधी तू घाल."

सगळ्यांदेखत त्याला नाही म्हणता आलं नाही. तो आत शिरला. मावशींनी चेन मानेपर्यंत ओढली, आतून ओढायचा हूक काढून स्वतःच्या मुठीत ठेवला आणि दिवेवाल्याला म्हणाल्या, "लाव रे सगळे."

खवल्या दिव्यांत उभा राहिला. एक मिनिट. तीन मिनिटं. खवल्याच्या पोटातून दिग्दर्शकाचा दबका आवाज आला, तशी सेटवरची मंडळी खदाखदा हसली. राक्षसाला माणसाच्या आवाजात "मावशी" म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. मावशी हसल्या नाहीत. पाचव्या मिनिटाला पुढे झाल्या आणि चेन झर्रकन खाली ओढली.

तो भिजून चिंब बाहेर आला, धापा टाकत. "मी हाक मारत होतो," तो म्हणाला. "दोनदा मारली. ऐकू नाही आली?"

"पहिलीच ऐकू आली होती," मावशी म्हणाल्या, आणि पिशवी काखोटीला मारून निघाल्या.