खरी फाइल आणायची कुठून?

आज माझं डोकंच उठलंय, मंडळी.

मी रत्नागिरीत नेटवर्किंग शिकवतो. जयगडहून एसटीने येणाऱ्या स्मिताची सोमवारी परीक्षा आहे. खऱ्या राऊटरशिवाय सराव करता यावा म्हणून तिने कुठल्याशा ग्रुपवरून राऊटरचं सॉफ्टवेअर उतरवलं, तेही तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर.

"सर, चालतंय ना नीट! मग धोका कसला?"

मी चेकसम, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, राऊटर बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. जुळला नाही. आत कुणी काय घातलंय, मलाही सांगता येईना. मी फाइल उडवायला लावली.

"मग खरी कुठून आणू?"

कंपनी ती फक्त करार केलेल्या ग्राहकांना देते. मी तेच सांगितलं. स्मिता बॅग उचलून निघून गेली.

मी चुकलो नाही. पण तिने आता सराव कशावर करायचा? तुम्ही काय सांगितलं असतंत?