काकांच्या पायजम्याला आलेला वास

हे लिहायला मी याआधी कितीदा बसले आणि कितीदा उठले, ते सोडून द्या. तोंडातून तर कुणापाशीच काढलेले नाही. आईपाशी नाही, प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीपाशी नाही. आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवे होते, त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

सुरुवात मोटारसायकलपासून करते. ते सोपे आहे — यंत्राबद्दल मला नीट बोलता येते.

बाबांची जुनी गाडी गोठ्याशेजारी पत्र्याखाली, पोत्यांनी झाकून, वर्षानुवर्षे उभी होती. मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. अंबड रस्त्यावरच्या आमच्या गावातून रोज जालन्याला जायचे, म्हणजे एसटीच्या मर्जीवर जगायचे. बाबांचे म्हणणे स्पष्ट होते — जालन्यात खोली घेऊन एकटीने राहायचे नाही, आणि जाणे-येणे झेपत नसेल तर नोकरी सोडायची. मी म्हटले, ही गाडी मी रस्त्यावर आणते. दहा हजारांत, स्वतःच्या हाताने. जास्त लागले, तर हा विषय पुन्हा काढणार नाही. अशी अट घालायला मला कुणी सांगितले होते? कुणीच नाही. मला जिंकायचे होते.

बाबांचे धाकटे भाऊ, शेषरावकाका, शेजारच्याच घरात राहतात. मी कार्बोरेटर उघडून बसले की ते बाजेवर बसून गंमत बघत. "काय डाक्टरीणबाई, पेशंट जगंल का? का देऊ भंगारवाल्याला सांगून?" हसत हसत पाने-पक्कड मात्र तेच हातात देत.

काका पूर्वी पीत असत. खूप. काकू दोनदा माहेरी निघून गेली होती. मग त्यांनी सोडली, आणि गाडीच्या त्या दिवसांपर्यंत सात वर्षे थेंबाला शिवले नव्हते. काकू परतली ती एका अटीवर — पुन्हा वास आला, तर त्याच दिवशी निघेन. ही अट गावात सगळ्यांना ठाऊक होती.

आता ब्रेक.

टायर, चेन, बॅटरी, क्लच वायर — यांत माझे पैसे संपले, तेव्हा मागचे चाक उघडले. बेअरिंगचे ग्रीस आत उतरले होते आणि दोन्ही ब्रेक शू — चाकाला आतून घासून थांबवणारे तुकडे — त्यात भिजून निघाले होते. असे शू फेकून द्यायचे असतात. त्यांच्या अस्तरात ग्रीस मुरलेले असते. वरून पुसून उपयोग नसतो. हे मला माहीत होते — माहीत नव्हते असे म्हणण्याची सोयसुद्धा मला नाही. नव्या शूंची किंमत एखाद्या ड्रेसच्या शिलाईइतकी. पण तेवढ्याने माझे दहा हजार ओलांडले जात होते. मी प्रयोगशाळेतून स्पिरिटची लहान काचेची बाटली आणली — न विचारता आणली. शू धुतले, पॉलिश पेपरने घासले, परत बसवले. उरलेली बाटली चिंधीत गुंडाळून साइड कव्हरमागच्या कप्प्यात ठेवली. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. दारूचा जो वास, जवळजवळ तोच त्याचा.

मागचा ब्रेक दोन दिवस लागला, मग पुन्हा निसटू लागला. मी पुढच्या ब्रेकवर चालवत राहिले. आमच्याकडची जुनी माणसे पुढचा ब्रेक वापरत नाहीत. तो दाबला की माणूस हँडलवरून फेकला जातो, अशी त्यांची पक्की समजूत. काका जन्मभर पायाच्या ब्रेकवर चालवत आलेले. हेही मला माहीत होते.

एका रविवारी सकाळी ते चावी मागायला आले. "लेकी, जल्दी अंबडला जाऊन येतो. गाडी बराबर हाय ना?"

मी पुस्तकातून मान वर न काढता म्हटले, "बराबर आहे."

माझा गुन्हा इथे संपला असता, तर मी तो केव्हाच सांगून टाकला असता. इथपर्यंत तो निष्काळजीपणा होता, अहंकार होता. पुढचे मी पूर्ण शुद्धीवर केले.

मोसंबीच्या बागेपाशी रस्ता उताराला लागतो आणि पुलाकडे वळतो. वळणावर उसाची ट्रॉली आडवी उभी होती. काकांनी पायाचा ब्रेक दाबला असणार. ट्रॉली चुकवायला त्यांनी गाडी आडवी टाकली आणि ते कडेच्या दगडांवर आपटले. मांडीचे हाड मोडले, डोक्याला मार लागला. कप्प्यातली बाटली फुटली, आणि सगळे स्पिरिट त्यांच्या पायजम्यावर सांडले.

उचलायला धावलेल्यांना सगळ्यांत आधी काय जाणवले असेल? "शेषराव परत चालू झाला." आम्ही जालन्याच्या दवाखान्यात पोचण्यापूर्वी हे वाक्य गावभर झाले होते.

दवाखान्यात काकूच्या हातात कुणीतरी तो पायजमा दिला. तिने तो एकदाच नाकाशी नेला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला. रडली नाही. मी तिच्या शेजारी बसले होते. तो वास मी ओळखला — कामाच्या दिवशी माझ्या हातांना तोच येतो.

आता मुख्य गोष्ट. रक्ताची एक तपासणी पुरेशी होती. काकांच्या रक्तात अल्कोहोल नाही, हे कागदावर आले असते आणि सगळ्यांची तोंडे बंद झाली असती. पण ती तपासणी काही तासांच्या आतच करावी लागते. नंतर प्यालेल्याचेही रक्त स्वच्छ येते आणि निष्कर्षाला अर्थ उरत नाही. आमच्या माणसांत हे जाणणारी मी एकटीच होते. डॉक्टरांना एक वाक्य सांगायचे होते. मी का सांगितले नाही? कारण रक्त स्वच्छ निघाले असते, तर पुढचा प्रश्न अटळ होता — मग वास कशाचा? आणि त्या प्रश्नाच्या शेवटी माझी बाटली होती, माझी नोकरी होती, माझी पैज होती.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटले, पोरगी काळजीत आहे. मी वेळ सरण्याची वाट बघत होते. खिडकीतले ऊन जमिनीवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढले. आता कुणी तपासणी केली तरी काही सिद्ध होणार नाही — हे जेव्हा नक्की झाले, तेव्हा मला हायसे वाटले. हायसे. हा शब्द मी निवडून लिहिला आहे.

गाडी घरी आल्यावर मीच काचा वेचल्या, चिंधी चुलीत टाकली. पगार झाल्यावर नवे शू बसवले. बाबांनी विचारले, ब्रेक तपासलेस का? मी म्हटले, तपासले, उत्तम आहेत. त्या दिवशी ते खरे होते.

काका बोलू लागले तेव्हा काकू अंकुशनगरला, भावाकडे निघून गेली होती. खोलीत मी एकटी आहे असे बघून त्यांनी विचारले, "लेकी, चावी घेतल्ती येवढंच ध्यानात हाय. मंग काईच न्हाई. मी पेल्तो का गं? मधीच जाग आली तवा वास तर मलाबी येत व्हता."

त्यांनी मलाच विचारले. मी शिकलेली, मी खोटे बोलणार नाही, म्हणून. एका शब्दाचे उत्तर होते.

"काका, आता त्याचा विचार नका करू."

त्यांनी डोळे मिटून घेतले. यातून त्यांनी काय समजून घेतले, ते तुम्हाला समजलेच असेल. मलाही त्याच क्षणी समजले होते.

पुढे कुबड्यांवर चालता येऊ लागल्यावर ते रिक्षाने अंकुशनगरला गेले. काकूच्या भावांसमोर हात जोडून म्हणाले, "चुकलं. पेल्तो मी. पुन्हा न्हाई." काकू परत आली. बाबा घरी येऊन म्हणाले, माणसाने चूक कबूल करावी तर अशी. मी तेव्हा जेवत होते. जेवण पूर्ण केले.

माझी नोकरी कायम झाली. गाडी अजून मीच चालवते. काका जरा लंगडतात, मी निघाले की बाजेवरून विचारतात, "डाक्टरीणबाई, पेशंट बरा हाय ना?"

मागच्या महिन्यात घरी बारशाची पंगत होती. वाढायला मी होते. एका पाहुण्याने मुद्दाम मोठ्याने विचारले, "काय शेषराव, बंद हाय का चालू?" दोघे-तिघे हसले. काकू दारात उभी होती. काकांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग खाली मान घालून म्हणाले, "बिलकुल बंद. दोन वर्षं झाली."

दोन नाही. नऊ.

मी त्यांच्या पानात वरण वाढले आणि पुढच्या पानाकडे सरकले.