सासूबाईंचा अडकित्ता

माझ्या लेकीचा पोटातला फोटो काढताना एका माणसाचं रक्त सांडलं. सांडवलं माझ्या सासूबाईंनी, आणि तेसुद्धा सुपारीच्या अडकित्त्याने!

नव्वदीचं दशक सरत आलेलं. आम्ही कळव्याचे कोळी. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाच्या डोक्यात पाणी जास्त दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एमआरआय काढा, मेंदू धड आहे का ते कळेल. नवरा म्हणाला, धड नसेल तर मोकळं व्हायचं. मी हातातला तांब्या त्याच्या अंगावर फेकला. सासूबाई अडकित्त्याने सुपारी कातरत राहिल्या.

आमच्यात पोटुशी बाईजवळ लोखंड ठेवतात, वाईट नजर लांब राहते म्हणून. माझ्या उशाला सासूबाईंचा तोच अडकित्ता असायचा.

माजिवड्याच्या एमआरआय सेंटरवर टेक्निशियनने मला मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं उतरवायला लावलं. सासूबाईंचा पारा चढला.

"गल्यानचा सगला कारलास, मंग पोटानचा पोर राखंल कोन? तुजा बापूस?"

"मावशी, आत लोहचुंबक आहे. बाहेर बसा."

बसतात कुठल्या! मला फळीवर निजवलं, तोच दार ढकलून त्या आत आल्या, अडकित्ता माझ्या उशाखाली सारायला. दोन पावलं टाकली असतील, अडकित्ता त्यांच्या मुठीतून सुटला, हवेत उडाला आणि माझ्यावर वाकलेल्या टेक्निशियनची भुवई फाडून यंत्राच्या तोंडाला खाडकन चिकटला. रक्त माझ्या गाऊनवर. तो किंचाळला, मी त्याच्याहून मोठ्याने.

"भूत हाय यात!" सासूबाईंनी माझे पाय धरून मला बाहेर खेचायला सुरुवात केली. नवरा धावला, "आये, सोड तिला!" त्याच्या कानाखाली अशी बसली की तो भिंतीला टेकला. त्या मात्र आता यंत्रावर लाथा घालायला लागल्या.

दोन वॉर्डबॉयनी दोरी बांधून अडकित्ता ओढून काढला. टेक्निशियन टाके घालून घेऊन आला आणि दातओठ खात त्याने मला पुन्हा आत ढकललं. आत घणाचे घाव. ठाण् ठाण् ठाण्! मी पोट घट्ट धरलं. आणि त्या ठणठणाटात आतून एक लाथ बसली. पोराची पहिली लाथ. मी रडत हसले. वरून टेक्निशियनचा आवाज आला, "हलू नका हो!" मी कुठे हलत होते?

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी थोडं आहे, पण मेंदू नीट घडलाय. लक्ष ठेवू.

सासूबाईंनी वाकडा झालेला अडकित्ता पदराने पुसला आणि पट्टी बांधलेल्या टेक्निशियनकडे बघून म्हणाल्या,

"बगलास? भुताला बरोबर लागला."

आज वीस वर्षांहून मोठी झालेली ती लेक अजून त्याच वाकड्या अडकित्त्याने सुपारी कातरते. मी धरला की माझी बोटं कापली जातात, तिची नाही.