गोड आवाजातला सूड

मी डबिंग करते. अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खाली लोखंडी शटर बनवणारा आणि वर कुरिअरवाला, त्यांच्या मधल्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. बरीच वर्षं मी एका कार्टूनमधली खार होते. त्याशिवाय दक्षिणेकडच्या सिनेमांतल्या हिरोंच्या वहिन्या, नर्सेस, गर्दीतून ओरडणाऱ्या बायका, जे मिळेल ते. घरच्यांना माझ्या कामाचं कौतुक होतं, पण आमच्या आईने माझं काम नीट बसून कधी पाहिलं नव्हतं. खारीचा आवाज ऐकला की ती म्हणायची, "घसा बसेल गं तुझा एक दिवस."

मग मला एका परदेशी सिनेमात मुख्य बाईचं काम मिळालं. तो मराठीत करून मोबाइल आणि टीव्हीवर दाखवायचा होता. गोष्ट अशी: एक श्रीमंत माणूस पक्षाघाताने बिछान्याला खिळलेला. त्याची काळजी घ्यायला एक बाई येते. फार चांगली बाई. त्याला पुसून काढते, केस विंचरते, सूप भरवते. हळूहळू कळतं की ह्याच माणसामुळे हिच्या धाकट्या बहिणीने जीव दिला होता, आणि ही मुद्दाम शोधत शोधत ह्या घरात आली आहे. ती त्याला कसलीही इजा करत नाही. फक्त रोज थोडं थोडं खोटं सांगते. मुलगा येऊन गेला असेल तर म्हणते, कोणीच आलं नव्हतं. सकाळ असेल तर म्हणते, संध्याकाळ झाली. जेवला नसेल तर म्हणते, आत्ताच तर जेवलात. शेवटी त्याचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा राहत नाही. रक्ताचा एक थेंब नाही सिनेमात, पण बघवत नाही.

पहिले दोन दिवस माझं काही जमेना. मी प्रत्येक वाक्यात राग आणत होते. आमचा डबिंग दिग्दर्शक माझ्याच वयाचा, शांत माणूस. काचेपलीकडून तो म्हणाला, "अगं, सूड घेतेयस हे प्रेक्षकाला माहीत आहे. तू विसर. तू फक्त सूप भरव."

मी हेडफोन काढला, पाणी प्यायले आणि कोणाला भरवताना पाहिलंय ते आठवायला लागले. लगेच आठवलं. मालाडला आमच्या चाळीतल्या खोलीत, बाहेरच्या कॉटवर माझी आजी, बाबांची आई, सहा वर्षं पडून होती. तिला आई भरवायची. पेजेची वाटी डाव्या हातात, पदराने हनुवटी पुसायची आणि म्हणायची, "एवढंच घ्या. शहाण्या ना तुम्ही? घ्या बघू." मी तेव्हा शाळेत होते. तिथेच जमिनीवर बसून अभ्यास करायचे, त्यामुळे तो सूर माझ्या कानात पक्का होता.

संहितेत वाक्य होतं, "थोडं तरी खा." मी म्हणाले, "एवढंच घ्या. शहाणे ना तुम्ही? घ्या बघू." पडद्यावरच्या बाईच्या ओठांनाही बरोबर बसलं. दिग्दर्शकाने काचेपलीकडून अंगठा दाखवला. त्यानंतर अख्खा सिनेमा मी त्याच आवाजात केला. साउंड रेकॉर्ड करणारा मुलगा तो प्रसंग झाल्यावर चहा घ्यायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "मॅडम, मी कधी आजारी पडलो ना, तर प्लीज मला बघायला येऊ नका." मी हसले. खूशही झाले. आईला विचारायला हवं होतं किंवा सांगायला हवं होतं, असं काही डोक्यातही आलं नाही. आवाज तर माझाच होता.

सिनेमा आला त्या रविवारी मी बोरिवलीहून मालाडला गेले. चाळ पाडून आता तिथे टॉवर झालाय, आईबाबा नवव्या मजल्यावर राहतात. दुपारी सुरमई खाऊन झाल्यावर मी टीव्हीवर सिनेमा लावला. आई, बाबा आणि समोरच्या दारातल्या काकू. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या वॉकर घेऊन आल्या आणि पाय स्टुलावर टाकून बसल्या. आई मेथी निवडायला घेऊन खाली बसली. तिला नुसतं बसून टीव्ही बघता येत नाही.

"मारामारी आहे काय ह्याच्यात?" बाबांनी विचारलं. ते गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका बँकेच्या दारात सिक्युरिटीचं काम केलं. त्यांना मारामारीचेच सिनेमे आवडतात.

"नाही बाबा. हा मनाचा खेळ आहे."

"मग वाट लागली," असं म्हणून ते लोडाला टेकले.

पहिला अर्धा तास मजेत गेला. माझा आवाज आला की काकू म्हणायच्या, "अय्या, ही तूच ना?" बहिणीची गोष्ट उघड झाली तेव्हा तर त्यांनी टाळीच वाजवली. "बरं झालं मेल्याचं! अस्संच पाहिजे. पोलीस काय करणार? हिनेच करायला हवं." बाबाही उठून बसले. आई मेथी निवडत होती, मधूनच पडद्याकडे बघत होती.

मग सूपचा प्रसंग आला. म्हातारा तोंड फिरवतो. बाई वाटी पुढे करते. "एवढंच घ्या. शहाणे ना तुम्ही? घ्या बघू."

आईचे हात थांबले. तिने पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी अजून मूर्खासारखी हसत होते, कारण मला वाटलं तिला आवडलं. ती म्हणाली, "ह्यो आवाज तू खंयसून आणलंस गो?"

चिडली किंवा घाबरली की आई मालवणीत जाते. तो कुठून आणला ते मी सांगायच्या आत तिने मेथीचा कागद गुंडाळला आणि आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांनी रिमोट घेऊन आवाज कमी केला, पण बंद केला नाही. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता. थोड्या वेळाने "जरा पडतो" म्हणून तेही उठून गेले.

काकूंना मात्र शेवट बघायचाच होता. मी त्यांच्याबरोबर बसले. शेवटी म्हातारा मरतो, बाईवर कोणालाच संशय येत नाही आणि ती त्या रिकाम्या खोलीत पलंगावर बसून राहते. काकू म्हणाल्या, "म्हणजे? आता हिचं पुढे काय?"

"काही नाही काकू. संपला."

"हा काय शेवट झाला? तिला काय मिळालं मग?" असं पुटपुटत त्या वॉकर टेकत घरी गेल्या. आई बाहेर आली ती माझ्यासाठी मच्छीचा डबा घेऊनच. "उशीर होईल तुला, नीघ," म्हणाली. बाहेर लख्ख ऊन होतं.

पुढचे काही दिवस सिनेमाची बरीच चर्चा झाली. मी इंटरनेटवर लोकांचं म्हणणं वाचत बसायचे. कोणी लिहिलं होतं, हा आवाज ऐकून मळमळलं, अर्ध्यात बंद केला. कोणी म्हणे, बाई बरोबर आहे, मी असते तर हेच केलं असतं. एकाने लिहिलं, मराठी डबिंगमध्ये राग कमी पडलाय, ही तर आईसारखी बोलते. ते मी दोनतीनदा वाचलं.

आईचा फोन नेहमीसारखा येत नव्हता. मी केला तर "बरी आहे, ठेवते" एवढंच. मग एका सकाळी तिचा स्वतःहून फोन आला, तो भांडायलाच. "तुझ्या सिनेमाने काय करून ठेवलंय बघ इकडे!"

झालं असं होतं की काकूंकडे ऑपरेशननंतर दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. सिनेमा बघून काकूंनी तिच्या हातून गोळ्या घेणं बंद केलं. जेवण आधी तिला खायला लावायच्या. ती "आज मंगळवार" म्हणाली की वॉचमनला इंटरकॉमवर विचारून खात्री करायच्या. ती बिचारी रडत आईकडे आली की मी आता काम सोडते. आईने दोघींना समोरासमोर बसवलं, काकूंना झापलं आणि कसंबसं मिटवलं.

"मी येते आज," मी म्हणाले.

"कशाला? मिटलं आता."

"तरी येते."

मी गेले तेव्हा बाबा खाली बाकावर त्यांच्या मित्रांबरोबर बसले होते. आई स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होती. मी समोर पाट घेऊन बसले आणि सोलायला लागले. बराच वेळ आम्ही दोघी काकूंबद्दलच बोललो. मग आईने मान वर न करता विचारलं, "तुला काय वाटतं? मी तुझ्या आजीला तसं करायचे?"

"आई! काहीतरीच काय बोलतेस?"

"मग तिला माझा आवाज कशाला दिलास?"

"मला गोड आवाज पाहिजे होता गं. दिग्दर्शक म्हणाला राग नको. मला तुझा आठवला. बस, एवढंच."

"गोड नव्हता तो." तिने कोळंबीतला काळा दोरा ओढून काढला. "दमलेला होता. ओरडायला पण ताकद लागते."

आजीने आईला किती छळलं होतं ते मला अर्धवट ठाऊक होतं. तांदळाच्या डब्याला कुलूप असायचं. माझ्या जन्मानंतर मुलगी झाली म्हणून ती इस्पितळात फिरकली नव्हती. ह्या गोष्टी मावशीकडून कानावर आल्या होत्या. आईने स्वतः कधी काढल्या नाहीत, आणि त्या दुपारीही काढल्या नाहीत.

ती म्हणाली, "एकदा त्यांनी विचारलं, मी चाय घेतली काय गो? घेतली नव्हती. मी तेव्हा दूधच तापवत होते. आणि माझ्या मनात आलं, सांगावं, घेतलीत की मघाशी. त्यांना खरं वाटलं असतं. काहीच लक्षात राहत नव्हतं त्यांच्या."

"मग?"

"मग काय? दिली चाय." तिने सोललेली कोळंबी पातेल्यात टाकली. "पण मनात आलं ना. आणि त्या दिवसानंतर रोज यायचं. तू तिथे पुस्तक घेऊन बसलेली असायचीस. कधी कधी तुझ्यामुळे नाय केलं. कधी कधी असंच नाय केलं. त्या बाईने केलं, मी नाय केलं, एवढाच काय तो फरक. आवाज तर तोच."

सहा वर्षं मी त्या कॉटशेजारी बसले होते आणि मला वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. माझे हात कोळंबीने बरबटले होते, नाहीतर मी तिला जवळ घेतलं असतं. मी नुसती तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. तिने तो हलवला नाही.

हात धुतल्यावर ती म्हणाली, "लाव तो. पुढचा बघायचा राहिलाय."

"नको गं. कशाला उगाच?"

"लाव म्हणते ना."

मी लावला. ह्या वेळी तिने निवडायला काही घेतलं नाही. नुसती बसून, हात मांडीवर ठेवून तिने तो शेवटपर्यंत पाहिला. बाई रिकाम्या पलंगावर बसली तेव्हा आई म्हणाली, "आता हिला दुपारची कामंच राहिली नाहीत." मग थोड्या वेळाने, "आजी गेली तेव्हा मी पण महिनाभर पेज जास्तीची लावायचे. ओतून द्यायला लागायची." आणि उठताना, अगदी सहज, "काम चांगलं केलंयस तू."

मी निघाले तेव्हा बाबा अजून खालीच होते. मला रिक्षापर्यंत सोडायला आले. चालता चालता म्हणाले, "आई काय बोलली काय तुझ्याशी? आजीबद्दल?"

"बोलली थोडंसं."

गेटपाशी येऊन ते रिक्षा बघायला लागले. मग म्हणाले, "तेव्हा मी डबल ड्युटी घ्यायचो, आठवतंय तुला? तुम्हाला वाटायचं साहेब देतात. साहेब नाय द्यायचे. मी मागून घ्यायचो. घरी यायला नको वाटायचं."

"आईला सांगितलंत का हे कधी?"

"तिला ठाऊक आहे रे," ते म्हणाले. गडबडले की ते मला अजून 'रे' म्हणतात. "डबा ती दोन वेळचा भरून द्यायची ना. न विचारता."

रिक्षा आली. मी बसले. बाबांनी ड्रायव्हरला लिंक रोडने ने, हायवेला ट्रॅफिक आहे, असं दोनदा बजावलं, आणि मग वळून ते वर न जाता पुन्हा बाकाकडे जायला लागले. अर्ध्यावर थांबले, वर नवव्या मजल्याकडे पाहिलं आणि लिफ्टच्या दिशेने गेले.