बाभळीबद्दलचं एक वाक्य

इंदापूर तालुक्यातल्या कोकरेवस्तीवर पीएच.डी. झालेला माणूस एकच, जयवंता. बारामतीच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा आणि आयुष्याची सात वर्षं त्यानं बाभळीच्या लाकडात अन् सालीत काय काय असतं, हे शोधण्यात घालवली होती. ज्या झाडाच्या काट्यांनी लहानपणी पायांची चाळण केली, त्याच झाडानं पोराला डॉक्टर केलं, असं त्याचे चुलते तात्याबा भेटेल त्याला सांगत. १९८९ साली प्रबंध बांधून आला, तेव्हा त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली. दर रविवारी देवाबरोबर तिलाही भंडारा. अक्षर वाचता येत नव्हतं, पण भंडारा वाहायला ते कशाला लागतं?

त्या प्रबंधात शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं. ओढ्याकाठच्या विहिरींच्या पाण्याला तांबूस झाक येते, ती बाभळीच्या सालीतल्या टॅनिनमुळे असावी. हे त्यानं तपासलं नव्हतं. लहानपणी पावसाळ्यात वस्तीची विहीर जराशी तांबडी व्हायची, त्या आठवणीनं जाता जाता लिहून टाकलं. परीक्षकांनीही विचारलं नाही. एवढा शहाणा माणूस, पण बाभळीच्या कौतुकाच्या भरात घसरला.

१९९३ साली ओढ्याच्या वरच्या अंगाला मद्यार्काचा कारखाना निघाला. दोन वर्षांत विहिरीचं पाणी काढ्यासारखं झालं. गाभण शेळ्या गाभडू लागल्या, लेकरांच्या अंगावर फोड उठले. जयवंतानं बाटल्या भरून नेल्या. तपासणी साधीच होती. बाभळीच्या सालीच्या पाण्यात लोखंडाच्या क्षाराचे दोन थेंब टाकले, की ते शाईसारखं काळं होतं. विहिरीचं पाणी तांबडंच राहिलं. ही साल नव्हे, हे कारखान्याच्या मळीचं सांडपाणी. त्यानं बत्तीस पानांचा अहवाल लिहून सरकारदरबारी दिला आणि सुनावणीची तारीख लागली.

सुनावणीच्या आधीच कारखान्याचं उत्तर आलं. सोबत त्याच्याच प्रबंधाच्या पानाची झेरॉक्स, ते वाक्य लाल शाईनं अधोरेखित केलेलं. प्रयोगशाळेत उभ्या उभ्या त्यानं ते वाचलं. दोष तरी कुणाला द्यायचा? हात आपला, अक्षर आपलं. आता पाणी कारखाना आल्यापासूनच बिघडलं, असं वस्तीतल्या लोकांनी एकमुखानं सांगितलं, तरच काही आशा होती. त्यांना डोळ्यांदेखत प्रयोग दाखवायचा, असं ठरवून तो रविवारी बाटल्या पिशवीत घालून एसटीत बसला.

वस्तीवर उतरला तर सावलीच नव्हती. ओढ्याकाठच्या सत्तावीस बाभळी आडव्या पडलेल्या. गुरुवारी कारखान्याचा माणूस येऊन पाणी बाभळींमुळं तांबडं होतं, असं सांगू लागला होता. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा तात्याबांनीच देव्हाऱ्यातली प्रत आणून त्याच्या पुढ्यात धरली होती. माझ्या पुतण्यानं काय लिवलंय ते वाच, म्हणाले. त्यानं नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं, आणि विषयच संपला. दोष बाभळींचाच, असं लिहून आणलेल्या त्याच्या कागदावर सगळ्यांनी अंगठे दिले. उन्हाळ्यात शेळ्यांना शेंगा कुठून घालायच्या, हा विचारसुद्धा कुणी केला नाही. झाडांना हळदीकुंकू लावून पहिली कुऱ्हाड तात्याबांनी घातली. जयवंताच्या शब्दाला बट्टा नको, एवढंच त्यांच्या मनात.

"बस," म्हणत त्यांनी रीतीप्रमाणे गूळ आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. आता पाणी निवळेल, अशी त्यांची खात्री होती.

जयवंतानं दोन पेले मांडले. एकात सालीचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींत थेंब टाकले. पहिलं काळं झालं, दुसरं तसंच तांबडं.

"तात्या," तो म्हणाला. "मी चुकीचं लिहिलं होतं. न तपासता लिहिलं होतं. बाभळींचा काही दोष नव्हता."

तात्याबांनी दोन्ही पेले उचलून पाहिले. मग लेकराची समजूत काढावी तसे म्हणाले, "लई दमलाईस तू. पुस्तकातलं खोटं कसं असंल? सात वर्सं घातलीस त्यापायी. जमिनीत मुळ्या राहिल्यात, त्यांचा रंग उतरतोय बग. दोन दिसांत त्याबी काढतो."

त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, हात जोडले. त्यांनी मायेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कुदळ खांद्यावर टाकली आणि चार बाप्ये हाकारून ओढ्याकडं निघाले. दारातून एकदा वळले.

"पानी तसंच ठिवलंस की," ते म्हणाले. "आमी रोजच पितोय. पी."

जयवंतानं तांब्या उचलला. ओढ्यातून कुदळींचे घाव ऐकू येऊ लागले, तरी तांब्या त्याच्या हातातच होता.